परसांतला बंब

नाशिकचा इतिहास म्हटला कीं पंचवटी, सरकारवाडा आणि १९०९ सालचा जॅक्सनचा खून एवढ्यावर आमचे लेखक थांबतात. पौषांतल्या पहांटे स्नानास ऊन पाणी कोठून येई, हें विचारणें त्यांस हलकें वाटत असावें.

सुमारें ६०० मीटर उंचीवरच्या या गांवीं हिवाळ्यांत पारा १० अंशांच्या खालीं जातो. अमेरिकेंतील थंड मुलुखांत घराबाहेर लाकडाची भट्टी पेटवून तिचें ऊन पाणी नळ्यांनीं घरभर फिरवितात. आपल्याकडे खोली तापविण्याची चाल नव्हती. शेगडीवर हात शेकले कीं पुरे. तापवावयाचें तें स्नानाचें पाणी, आणि त्यासाठीं विस्तवाची जागा परसांत किंवा न्हाणीघराशीं.

पूर्वीं चुलाण्यावर हंडा चढे. ज्वाळा हंड्याच्या बुडास चाटून जात. निम्मी ऊब वाऱ्यावर. बंबांत नेमकी हीच चूक सुधारलेली आहे. तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध नळकांडें, त्याच्या पायथ्याशीं जाळी, भोंवतीं पाणी. म्हणजे विस्तव पाण्याच्या पोटांत! वरून सर्पण टाकावें, राख खालीं पडावी, तोटी फिरवितांच बादलींत वाफाळतें पाणी.

हा बंब घरोघर कां शिरला? १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी सुरू झाली व मुंबईहून तांब्याचे पत्रे आणणें सोपें झालें. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतील तोडीवर बंधनें आलीं. थोड्या लाकडांत पुष्कळ पाणी देणारें भांडें मग शहाणपणाचें ठरलें, असा आमचा तर्क आहे. पत्रे ठोकणारे तांबट गांवांत होतेच.

सर्पणाची ही काटकसर ज्यांच्या जिवावर झाली, त्यांचें नांव मात्र कोणत्याहि दप्तरांत नाहीं. आमच्या आजोळीं आजी चार वाजतां उठे. करवंट्या, चिपाड, सुताराकडचा भुसा, जें मिळेल तें ती बंबांत घाली; पावसाळ्यांत ओल्या लाकडांच्या धुरानें तिचे डोळे लाल होत. पुरुषांचीं स्नानें होईपर्यंत निखारा विझत येई, आणि तिच्या वाट्यास कोमट पाणी. दिवाळीपूर्वीं तोच बंब ती चिंचेनें घांसून लखलखीत करी. तिची तक्रार आम्हीं कधीं ऐकली नाहीं. आम्हीं विचारलें नव्हतें, हेंहि खरें.

पुढें वाड्यांत विजेचें यंत्र आलें. बूड गळूं लागलेला बंब भांडीबाजारांत वजनावर दिला गेला. आजी त्या दिवशीं दारापर्यंत आली आणि तोटी तेवढी काढून घेतां येईल कां, असें तिनें मोडवाल्यास विचारलें.