सिग्नलवर बंद पडणारी मोटार : कार्बोरेटरच्या स्क्रूपासून कपलरच्या पिनेपर्यंत

जुलैमधली सकाळ. ठाणे-बेलापूर मार्गावरच्या महापे परिसरात, शिळफाट्याकडून डोंगर उतरून आलेली वाहनांची रांग खोळंबलेली असते. त्या रांगेतली एखादी वीस वर्षांची पेट्रोल मोटार उभ्या जागी थरथरू लागते. इंजिनाचा काटा मिनिटाला ८०० फेऱ्यांवरून ५०० वर घसरतो, मग १२०० वर उसळतो आणि इंजिन विझते. चावी फिरवली की ते पुन्हा सुरू होते. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच घडते.

दुखणे क्षुल्लक वाटते, पण तसे ते नाही. इंजिन विझले की ब्रेकला मिळणारे साहाय्य पायाच्या दोन-तीन दाबांत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. उतारावर हे घडले तर ते जिवावर बेतू शकते. या विझण्याचे मूळ कुठे शोधायचे, याचे उत्तर गेल्या साठ वर्षांत मुळापासून बदलले. आजचा धागा त्या बदलाचा.

आधी जागा समजून घेऊ. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या पट्ट्यात महापे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने खाडीपलीकडे जी वसाहत वसवली, ती 'ट्रान्स ठाणे क्रीक' या नावावरून टीटीसी म्हणून ओळखली जाते. तिच्यातला महाप्याचा एक भाग 'इलेक्ट्रॉनिक झोन' म्हणून राखलेला आहे. तेथील भूखंडांचे क्रमांक आजही 'ईएल' या अक्षरांनी सुरू होतात. नाजूक विद्युत उपकरणांची वसाहत आणि खाऱ्या, दमट हवेचा शेजार असा हा योग. मोटारीच्या बॉनेटखाली पुढे हाच योग जुळून आला.

मुंबईच्या मोटारीची कथा मात्र खाडीच्या अलीकडे, कुर्ल्याला सुरू होते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या मोटारी बाहेर पडू लागल्या आणि त्यांतलीच एक १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कितीतरी वर्षे टिकले.

पद्मिनीचे इंजिन कार्बोरेटरवर चालत असे. आत खेचल्या जाणाऱ्या हवेच्या ओढीने पेट्रोल वर यायचे, हवेत मिसळायचे आणि जळायचे. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलल्यावर इंजिन किती फेऱ्यांवर तग धरेल, ते दोन स्क्रू ठरवत. एक झडप किंचित उघडी ठेवी, दुसरा पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण राखी. गॅरेजच्या बोलीत याला 'स्लो सेट करणे' म्हणत. मिस्त्री बॉनेट उघडी ठेवून कान लावी, स्क्रूला पाव फेरा देई, थांबे, पुन्हा पाव फेरा. हा ठोका त्याला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेला नसे. त्याची सारी पत त्या कानावर उभी होती आणि गिऱ्हाईकही त्या कानासाठीच येत असे.

या कानाला पहिला शह दिला तो कायद्याने. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमाने चारचाकी पेट्रोल वाहनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली. हे मोजायचे कधी, तर इंजिन जागेवर, आपल्या मंद ठोक्यावर चालू असताना. पीयूसीची नळी धुराड्यात घालतात ती याचसाठी. जो ठोका आतापर्यंत मिस्त्री आणि मालक यांच्यातला खासगी मामला होता, त्याची आता सरकारदरबारी नोंद होऊ लागली. आणि कानाला गोड लागणारे मिश्रण बहुधा पेट्रोलने थोडे अधिक भरलेले असते, ही यातली अडचण होती.

पुढची पावले झपाट्याने पडली. १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २९ एप्रिल १९९९ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील खासगी मोटारींसाठी युरोपीय धर्तीच्या मर्यादांच्या तारखाच ठरवून दिल्या. पाठोपाठ मुंबईतही २००१ मध्ये भारत स्टेज-२ आले. इतके काटेकोर मिश्रण दोन स्क्रूंच्या भरवशावर राखणे अवघड होते. १९९८ मध्ये आलेल्या सँट्रोने एमपीएफआय हे नाव, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पिचकारीने पेट्रोल देण्याची पद्धत, घरोघरी पोहोचवली. पाठोपाठ मारुती ८०० नेही कार्बोरेटर टाकला.

हे तंत्र तेव्हा नवे नव्हते. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीने १९५७ च्या सुमारास 'इलेक्ट्रोजेक्टर' नावाची विद्युत पिचकारी बाजारात आणली. क्रायस्लरने ती आपल्या मोजक्या मोटारींवर बसवली, पण ती इतकी बेभरवशाची निघाली की त्यांतल्या बहुतेकांवर पुन्हा कार्बोरेटर चढवावे लागले. पुढे जर्मनीच्या बॉश कंपनीने बेंडिक्सच्या पेटंटांच्या आधारे १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी डी-जेट्रॉनिक प्रणाली आणली. तिच्यामागेही अमेरिकेतल्या धुराच्या नियमांचाच रेटा होता. कायदा पुढे आणि यंत्र त्याच्यामागे, हा क्रम मुंबईच्या तीस वर्षे आधी तिकडे घडून गेला होता.

या पद्धतीत ठोका सांभाळतो तो ईसीयू, म्हणजे मोटारीतला छोटा संगणक. इंजिन किती तापले, झडप किती उघडी आहे, आत हवेचा दाब किती, हे संवेदक त्याला तारांवरून कळवतात. त्यानुसार तो पेट्रोल मोजतो आणि आयडल व्हॉल्व्हच्या लहानशा मोटरला हवेची वाट कमी-जास्त करायला लावतो. प्रत्येक संवेदकापाशी तारा एका प्लॅस्टिकच्या खटक्यात संपतात. गॅरेजमध्ये त्याला 'कपलर' म्हणतात. कपलरच्या आत पितळेच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या, वर कथिलाचा मुलामा दिलेल्या इवल्याशा पिना असतात.

तार आणि पीन यांचा सांधा हा स्वतंत्र इतिहासाचा विषय आहे. एके काळी असा सांधा म्हणजे डाख, असेच समीकरण होते. १९४१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स' या कंपनीने (पुढे ती एएमपी म्हणून ओळखली गेली) विमाने आणि जहाजांसाठी डाखाविना, धातूची पाकळी तारेवर दाबून घट्ट बसवण्याची रीत रुजवली. हेच 'क्रिंपिंग'. कंप पावणाऱ्या यंत्रात डाखाच्या कडेला तार कडक होऊन तुटते. नीट दाबलेली पाकळी तो ताण सोसते. विमानातून ही रीत मोटारीत आली.

आणि इथेच खाडीची हवा कथेत शिरते. कपलरचे रबरी सील वयाने कडक झाले की ओल आत जाते आणि पिनेवर हिरवी पूड धरते. त्याहून लबाड असतो तो कोरडा आजार : इंजिनाच्या कंपनाने पिना एकमेकींवर केसाहून बारीक अंतर घासत राहतात, मुलामा झिजतो आणि त्याची काळपट ऑक्साइड पूड सांध्यातच साचते. हेडलाइटसारख्या जबर प्रवाहाचे अशा पुडीने सहसा लगेच अडत नाही. संवेदकाचा प्रवाह मात्र इतका क्षीण असतो की थोडासा अडथळाही त्याची भाषा बदलून टाकतो.

भाषा बदलते म्हणजे काय? पाण्याचे तापमान सांगणारा संवेदक घ्या. सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारात त्याचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ६० अंशांना ६०० आणि ८० अंशांना ३२० ओहम असतो. आता गंजलेल्या कपलरने मध्येच २८० ओहमची भर घातली, तर ८० अंशांवर तापलेले इंजिन संगणकाला ६० अंशांचे भासते. तो इमानेइतबारे जास्त पेट्रोल देतो, ठोका चढवतो. खड्ड्यात चाक आदळून पीन क्षणभर नीट टेकली की पुन्हा खरे तापमान कळते आणि ठोका उतरतो. संवेदक निर्दोष, संगणकही निर्दोष. खोटा ठरतो तो मधला निरोप्या. आयडल व्हॉल्व्हच्या चार तारांपैकी एकीचा सांधा सुटला, तर त्याची मोटर नुसती जागच्या जागी थरथरते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई परिसरातल्या असंख्य मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. पद्मिनीसारखी जुनी मोटार बुडाली तर प्लग, तेल, कार्बोरेटर साफ करून तिला पुन्हा रस्त्यावर आणता येई. नव्या मोटारींपैकी अनेकींत संगणक आणि तारांचे जुडगे डॅशबोर्डखाली किंवा पायाशीच असतात. वरून वाळलेल्या कपलरमध्ये गढूळ पाणी राहिले की त्याचा हिशोब महिन्यांनी, कधी वर्षांनी चुकता होतो, आणि तोवर मालकाला पुराची आठवणही उरलेली नसते.

गॅरेजमध्ये दरम्यान कानाची जागा स्कॅनरने घेतली. २०१० नंतर भारतातही मोटारीला स्वतःचे दोष नोंदवून ठेवणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. स्कॅनर पी०११८ असा संकेत दाखवतो, त्याचा अर्थ 'तापमान संवेदकाच्या मंडलात अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज'. मंडलात म्हणजे संवेदक, तारा, कपलर, संगणक यांपैकी कुठेही. पण संकेत वाचून थेट संवेदकच बदलण्याची सवय रुजली. नवा संवेदक बसवताना कपलर काढून पुन्हा लावला जातो, पिना घासून तात्पुरत्या स्वच्छ होतात आणि मोटार आठवडाभर सुरळीत चालते. मग मालक दुसरा सुटा भाग विकत घेतो. जुन्या मिस्त्रीची पत कानावर होती. नव्याची अशा तिसऱ्या खेपेला जाते.

खरी दुरुस्ती साधी असली तरी सबुरीची आहे. इंजिन जागेवर चालू ठेवून एकेक कपलर आणि त्यामागची तार हलक्या हाताने हलवायची. ठोका डगमगला की जागा सापडली. तार तुटलेली दिसत नसली तरी मल्टिमीटर लावून सांध्यात व्होल्टेज गळते का ते पाहायचे. (ठोक्याचे प्रत्येक दुखणे तारांचे नसते, काजळलेली थ्रॉटल बॉडी किंवा चिरलेली हवेची नळी आधी तपासावी. पावसाळ्यात उंदरांवरही नजर असावी.) मग चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवायची, कपलरमधून पीन तिच्या खटक्यासह बाहेर काढायची आणि तार मागे तिथपर्यंत कापत जायची, जिथे तांबे चकचकीत लाल दिसते. काळवंडलेल्या तांब्यावर दाबलेली नवी पीन टिकत नाही.

नवी पीन योग्य मापाच्या क्रिंपिंग पक्कडीनेच दाबायची. साध्या पक्कडीने चेपलेली पाकळी आत पोकळ राहते. एक पाकळी तांब्यावर, दुसरी तारेच्या आवरणावर. तार जोडावी लागली तर शेजारच्या तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ न देता पुढेमागे ठेवायचे आणि आत गोंद असलेली आकसनळी तापवून चढवायची. तारांना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळण्याचा प्रकार खाडीकाठी फार तर एखादा पावसाळा काढतो.

बॅटरी सोडवल्यामुळे अनेक मोटारींचा संगणक शिकलेला ठोका विसरलेला असतो. म्हणून शेवटी एसी आणि दिवे बंद ठेवून इंजिन सुरू करायचे, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सुरुवातीला काटा थोडा वरखाली होतो. रेडिएटरचा पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत तो बहुधा आठशेच्या आसपास स्थिरावतो.