निम्म्याचे निम्मे

किरणोत्साराच्या धड्यात 'अर्धायुष्य' हा शब्द फळ्यावर आला की वर्गात एक गणित हमखास मांडले जाते. आयोडीन-१३१चे अर्धायुष्य ८ दिवस, म्हणजे पूर्ण आयुष्य १६ दिवस. सतराव्या दिवशी बाटली रिकामी! मुलांचे काय चुकले? अर्धा पगार ८ हजार असेल तर पूर्ण पगार १६ हजारच असतो. घोळ शब्दाने घातला आहे.

त्यातला 'अर्ध' निरुपद्रवी. अर्ध्याशी तर मराठीचा जुना घरोबा आहे. 'द्व्यर्ध' झिजून 'दीड' झाला, 'अर्धतृतीय'चा 'अडीच' झाला, आणि 'अर्धचतुर्थ'चा झाला 'औट', म्हणजे साडेतीन. औट घटकेच्या राज्यात तो अजून तग धरून आहे. (घटका २४ मिनिटांची, तेव्हा हे राज्य ८४ मिनिटांचे!) फारसी 'नीम'ने निमगोरा दिला, निमसरकारी दिला आणि रोजच्या वापरातले 'निम्मे'ही दिले.

खोडी आहे ती 'आयुष्या'ची. आयुष्य म्हटले की म्हातारपण आलेच. अणूला ते नाही. काल अणुभट्टीत तयार झालेला आयोडीन-१३१चा अणू आणि महिनाभर टिकून राहिलेला अणू, दोघांचाही पुढच्या ८ दिवसांत क्षय होण्याची शक्यता सारखीच: निम्मी. किती दिवस काढले याचा हिशेब अणू ठेवत नाही. म्हणून १०० मिलिग्रॅमचे ८ दिवसांनी ५० उरतात, १६ दिवसांनी २५, २४ दिवसांनी साडेबारा. दर खेपेला जाते ते उरलेल्याचे निम्मे. अणूंचे सरासरी आयुष्य काढता येते, पण ते भरते सुमारे साडेअकरा दिवस. म्हणजे ८ दिवस हे त्याचेही अर्धे नव्हेत.

याच धड्यातला 'किरण' मात्र नकळत नेमका बसला आहे. तो 'कॄ' म्हणजे विखुरणे या धातूचा. विकीर्ण, प्रकीर्ण हे त्याचे भाऊबंद. संस्कृतात किरण म्हणजे बारीक धूळ असाही अर्थ आहे. अल्फा आणि बीटा 'किरण' हे मुळात कणच, तेव्हा हा धुळीचा अर्थ त्यांना शोभतो.

मग 'आयुष्य' आले कुठून? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्ड थोरियममधून निघणाऱ्या किरणोत्सारी वायूवर प्रयोग करत होते. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी नोंदवले, की त्याची तीव्रता सुमारे एका मिनिटात निम्मी होते. (आजचा आकडा सुमारे ५६ सेकंद.) मोजला होता तो निम्मे होण्याचा काळ. पुढे इंग्रजीत 'हाफ-लाइफ पीरियड' रूढ झाले आणि कालांतराने त्यातला 'पीरियड' गळाला. म्हणजे कामाचा शब्द गेला, फसवा तेवढा राहिला. आणि आपण त्या उरलेल्याचे इमानेइतबारे भाषांतर केले. 'अर्धायुकाल' या रूपात निदान 'काल' शिल्लक आहे.

रुळलेला शब्द आता बदलणे नाही. पण शिक्षकांनी व्याख्या सांगण्याआधी 'निम्मे होण्याचा काळ' एवढे फळ्यावर जरूर लिहावे, आणि उत्तरपत्रिकेत कोणी तेवढेच लिहिले तर पूर्ण गुण द्यावेत.