तलाठ्याचा दाखला आणि आमदारांची पेन्शन

१४ मार्च २०२३ रोजी राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही त्यांची घोषणा होती. आठवड्याभरात संप मिटला. पण त्या आठवड्यात साताऱ्या-सांगलीत चहाच्या गाड्यावर आणि मोबाइलवर एक हिशेब सारखा फिरत होता. तीस वर्षं शाळेत शिकवणाऱ्याला खात्रीची पेन्शन नाही, आणि एकदा आमदार झालेल्याला आयुष्यभर महिन्याला पन्नास हजार! त्यावर कोणी दुसरा हिशेब मांडायचा : कर्मचाऱ्याला निदान पगार तरी होता, पण त्याच्या शेजारी राहणाऱ्या शेतमजूर म्हातारीला काय मिळतं?

दोन्ही हिशेब खरे आहेत. पण दोन्हींत तुलना होते ती रकमेची. पेन्शनच्या इतिहासात रकमेइतकीच महत्त्वाची असते ती अट. पैसे हातात पडण्याआधी कोणाला काय सिद्ध करावं लागतं, कोणापुढे उभं राहावं लागतं, आणि कोणाला काहीच सिद्ध करावं लागत नाही? जुन्या सातारा जिल्ह्याइतकं या प्रश्नाचं उत्तर देणारा दुसरा मुलूख शोधून सापडणार नाही. (१९४९ मध्ये या जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं.)

राजांची पेन्शन

या भागात पेन्शन प्रथम गाजली ती नोकरदारांची नव्हे, सत्ता गेलेल्यांची. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाख रुपये घेऊन ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. १८५१ मध्ये तो वारल्यावर कंपनीने ही रक्कम बंद केली आणि दत्तक पुत्र नानासाहेबांचा दावा फेटाळला. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडलं, तेव्हा त्यांच्याही निर्वाहाची नेमणूक ठरली. त्यांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी वर्षानुवर्षं लंडनमध्ये खेटे घालत राहिले. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीतच वारले. पुढच्याच वर्षी सातारचं राज्य खालसा झालं.

या पेन्शनीचा अर्थ सरळ होता : राज्य सोडा, दूर राहा, गप्प राहा. कष्टाचा मोबदला म्हणून ती दिलेली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रकार तनख्यांच्या रूपाने पुढे चालू राहिला. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली आणि संस्थानिकांना तनखे ठरले. १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते रद्द झाले. केवळ अमक्या घरात जन्मला म्हणून कोणाला जन्मभर सरकारी पैसे का द्यायचे, हा युक्तिवाद तेव्हा लोकांना पटला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, संसदेने आपल्या माजी सदस्यांना पेन्शन देणारा कायदा केला. महाराष्ट्र विधिमंडळ सदस्यांच्या निवृत्तिवेतनाचा अधिनियमही १९७६ चाच.

नोकरी सोडलेला तलाठी

ते वर्ष या भागासाठी आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. ६ डिसेंबर १९७६ रोजी क्रांतिसिंह नाना पाटील मिरजेत वारले.

नाना पाटील वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. ते तलाठी होते. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी ती नोकरी सोडली. सरकारी नोकरी सोडणं म्हणजे काय, हे त्या काळच्या शेतकरी घराला कोणी समजावून सांगायला नको होतं. पगार गेला, रुतबा गेला, म्हातारपणाची सोय गेली. पुढे १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायदान मंडळं, तुफान सेना, कमी खर्चाचे गांधी विवाह, सावकार आणि गुंडांना शिक्षा असा त्याचा कारभार १९४६ पर्यंत चालला. त्यासाठी पैसा लागे, म्हणून ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेतला सरकारी पगाराचा पैसा लुटला गेला. पुढच्या वर्षी थेट धुळे जिल्ह्यात जाऊन खजिना लुटला गेला.

या लढ्याचं यश एका गोष्टीवर अवलंबून होतं, ती म्हणजे पकडलं न जाणं. भाकरी पोचवणारी बाई, निरोप नेणारा पोरगा, रानातल्या वस्तीवर आसरा देणारा कुळवाडी यांचं नाव कुठल्याही वहीत नव्हतं. ते तसं असायलाही नको होतं. वहीत नाव आलं असतं तर वस्तीवर पोलीस आले असते.

आणि पुढे पेन्शन मागताना नेमकी तीच वही मागितली गेली.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १५ ऑगस्ट १९७२ पासून, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. किमान रक्कम महिना दोनशे रुपये. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा, आणि वार्षिक उत्पन्न पाच हजारांच्या वर नको. उत्पन्नाची अट १९८० मध्ये निघाली आणि तिला सन्मान पेन्शन म्हटलं जाऊ लागलं. पण पुराव्याची अट राहिली. भूमिगत असाल तर फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, डोक्यावर बक्षीस लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा सरकारी कागद आणा. कागद मिळत नसेल तर तो मिळत नाही असा दाखला आणा, शिवाय दोन वर्षं तुरुंगात काढलेल्या एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र जोडा.

म्हणजे ज्या ब्रिटिश सरकारशी लढलात, त्याच्याच दप्तरातली नोंद तुमच्या देशभक्तीचा पुरावा. ज्याला पोलिसांनी पकडलं त्याचा कागद झाला. जो त्यांच्या हाती लागलाच नाही, त्याला उतारवयात कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

या अटी उगाच नव्हत्या, हेही मान्य केलं पाहिजे. बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण एवढं वाढलं की निवृत्त न्यायमूर्ती पालकरांचा आयोग नेमावा लागला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कागद मागितला की कागद तयार करणारेही निपजतात. खरा माणूस मात्र कागदाशिवाय घरी परततो.

खासदारकीची बाजू

आता दुसरी बाजू. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून, दोन्ही वेळा कम्युनिस्ट म्हणून, लोकसभेवर गेले. अशा माणसाला म्हातारपणी पेन्शन असावी, याला कोण नाही म्हणेल? लोकप्रतिनिधींना पगार असावा ही मागणीच मुळात गरिबांची होती. इंग्लंडच्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या सनदेत ती केली, कारण बिनपगारी संसद म्हणजे जमीनदारांची संसद. तिथल्या खासदारांना नियमित पगार सुरू व्हायला १९११ साल उजाडलं. ज्याने घर, शेत, नोकरी सोडून चळवळीत आयुष्य घातलं, त्याची उपासमार होऊ नये या विचाराने पेन्शन आली असेल, तर तो विचार चांगलाच होता.

पण कायद्यात तो विचार कुठे दिसत नाही. स्वातंत्र्यसैनिकाला सुरुवातीला लावलेली उत्पन्नाची अट माजी आमदार-खासदारांना लावली गेली नाही. गरजू कोण, हे विचारण्याची सोयच ठेवली नाही. खासदारांच्या बाबतीत निदान ठरावीक काळ सदस्य असण्याची अट होती, तीही २००४ मध्ये गेली. आज माजी खासदाराला महिना ३१ हजार आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला अडीच हजार मिळतात. महाराष्ट्रातल्या माजी आमदाराला २०१६ पासून ५० हजार, आणि पहिल्या मुदतीनंतरच्या प्रत्येक वर्षाला आणखी दोन हजार. साखर कारखाना, शिक्षणसंस्था, पेट्रोल पंप असलेल्यालाही तितकेच, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या जुन्या कार्यकर्त्यालाही तितकेच.

राज्यघटनेच्या १०६ व्या अनुच्छेदात खासदारांच्या ‘वेतन आणि भत्त्यां’चा उल्लेख आहे, पेन्शनचा नाही. या मुद्द्यावर झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. उल्लेख नाही म्हणून मनाई आहे असं होत नाही, आणि पेन्शन द्यायची की नाही हे संसदेने ठरवायचं, असा त्याचा मथितार्थ. कायद्याने ते योग्यच. म्हणजे ज्यांना पेन्शन मिळणार, तेच ती ठरवणार.

विसापूरची शिकवण

ज्या काळात विधिमंडळाने आपली पेन्शन मंजूर केली, त्याच काळात आणखी एक कायदा आकाराला येत होता. विधान परिषदेच्या सभापतिपदी तेव्हा वि. स. पागे होते. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, आणि १९७७ च्या कायद्याने तो हक्क झाला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला.

या योजनेची खुबी तिच्या अटीत होती. उत्पन्नाचा दाखला नको, जातीचा नको, शिफारस नको. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे तो गरजू, असं सरळ धरलं गेलं. लाखाचा धनी तिथे कुदळ घेऊन येणार नव्हता.

पण ज्याच्या हातून कुदळ उचलत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना आली. इथे मात्र दाखले परत आले. वयाचा, रहिवासाचा, आणि उत्पन्नाचा. वर्षानुवर्षं ही उत्पन्नमर्यादा सगळ्या कुटुंबाची मिळून वर्षाला २१ हजार होती, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तो दाखला तहसील कचेरीतून निघतो, पण आधार असतो तलाठ्याच्या अहवालाचा. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीवर पालकमंत्र्यांनी नेमलेले अशासकीय अध्यक्ष असतात. इतकं सगळं पार पडलं की २०२३ पासून महिना दीड हजार मिळतात, त्याआधी हजार होते. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा त्यातला वाटा ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यासाठी दोनशे रुपये आहे.

दोन आकडे शेजारी ठेवू. एका निराधार कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न जास्तीत जास्त किती असावं? २१ हजार. माजी आमदाराला एका महिन्याला किती? किमान ५० हजार. ज्याच्या वर गेलात तर तुम्ही निराधार नाही, ती वर्षाची रेषा माजी आमदाराला महिन्याच्या बाराव्या-तेराव्या दिवशीच ओलांडता येते.

मधली माणसं

या दोघांच्या मधे कृष्णाकाठची कारखान्यातली माणसं आहेत. गाळप, बॉयलर, पॅन, काटा यांवर आयुष्य काढलेल्या कामगारांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन मिळते. सूत्र असं : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. पगार प्रत्यक्षात कितीही असला तरी २०१४ पासून त्यातले पंधरा हजारच सर्वसाधारणपणे धरले जातात, त्याआधी साडेसहा हजार धरले जात. पस्तीस वर्षं नोकरी झाली तरी पेन्शन आठ हजारांच्या आत राहते. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये आहे. तिला महागाई भत्ता नाही.

त्याच कारखान्यांना ऊस तोडून घालायला बीडहून, म्हणजे नाना पाटलांच्या दुसऱ्या मतदारसंघातून, जी बैलगाड्यांची रांग येत आली, तिच्यातल्या माणसांची सेवेची वर्षं कुठल्याच सूत्रात बसत नाहीत.

आणि ते संपकरी कर्मचारी? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन ज्या निर्णयाने गेली, तो ३१ ऑक्टोबर २००५ चा. वित्त खातं तेव्हा वाळव्याच्या जयंत पाटील यांच्याकडे होतं. केंद्राने जानेवारी २००४ पासून घेतलेल्या निर्णयाचीच ती राज्यातली आवृत्ती होती, आणि पुढे आलेल्या वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनीही ती चालू ठेवली. खजिन्यावरचा बोजा हे कारण दिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. मात्र त्याच बोज्याच्या काळजीने आमदारांसाठी अंशदायी योजना आणावी, असं कोणाला सुचलं नाही. उलट मधल्या काळात त्यांची पेन्शन वाढली. कर्मचाऱ्यांसाठी २०२४ मध्ये सुधारित योजना जाहीर झाली. संपाने एवढं तरी साधलं. निराधार म्हातारीला संप करता येत नाही.

एकच अट

बदल होऊच शकत नाही असं नाही. पंजाबने २०२२ मध्ये कायदा केला : आमदार कितीही वेळा निवडून आला तरी पेन्शन एकाच मुदतीची. राज्य बुडालं नाही, आमदारकीला उमेदवार मिळेनासे झाले असंही नाही.

आमदारांची पेन्शन बंद करा, ही मागणी टाळ्या घेते. माझी मागणी त्याहून साधी आहे. ती बंद करू नका, तिला अट लावा. ज्या माजी आमदाराला गरज आहे, त्याने तलाठ्याकडे जावं, उत्पन्नाचा अहवाल घ्यावा, तहसील कचेरीत दाखल्यासाठी रांगेत उभं राहावं, आणि पेन्शन घ्यावी. ज्या कार्यकर्त्याने खरंच आयुष्य झिजवलं, त्याला ती मिळेल, आणि मिळायलाच हवी. उरलेल्यांनाही त्या रांगेत उभं राहून एक गोष्ट कळेल : सर्व्हर बंद आहे, उद्या या, म्हणजे काय असतं.

नाही तर उलट करावं. वय पासष्ट झालं आणि सरकारी नोकरी नव्हती, एवढ्यावरच म्हातारीला तिचे पैसे द्यावेत. पाग्यांनी कुदळीवर विश्वास ठेवला, तसा वयावर ठेवावा.

दर नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी होते. अंगठ्याच्या रेषा पुसट झालेल्या बाया यंत्रावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत असतात. उभं आयुष्य खुरपं धरून त्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून यंत्राला त्या ओळखू येत नाहीत. ज्या कष्टांबद्दल पैसे मिळायचे, त्यांनीच पुरावा पुसून टाकलेला असतो. साताऱ्यातल्या भूमिगतांचंही असंच झालं होतं.