जाते आणि झोप

बिदरच्या इतिहासात बहमनी किल्ला येतो, महमूद गवानाचा मदरसा येतो. जात्यावर बसणारी बाई येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याबरोबर हा जिल्हाही विभागला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढील कर्नाटकात गेले. राज्ये बदलली, परंतु सीमेच्या दोन्ही अंगांना, तिकडे कलबुर्गीच्या आळंद तालुक्यापर्यंत, मराठी घरांतील जोंधळे दळण्याची वेळ पहाटेचीच राहिली. ओवीचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्यापायी मोडलेल्या झोपेचा हिशेब कोणी मागितला नाही.

पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पहाटे सर्वांआधी उठण्याचा दंडक मात्र बाईच्या माथी राहिला. तरुणपणी तिला सासूने उठविले, प्रौढपणी सवय उठविते. त्यातच रजोनिवृत्तीच्या सुमारास रात्री अंगात उष्णतेचे लोट उठतात, घाम फुटतो, झोप चाळवते. प्रौढ माणसास किमान सात तास झोप हवी, असे आजचे वैद्यक सांगते. ती न मिळाल्यास रक्तदाब, मधुमेह यांचा धोका वाढतो. गिरणीने बाईचे दळण उचलले. तिची पहाटेची झोप तिला परत देणे घराच्याच हाती आहे.