स्मृतिभ्रंश आणि स्त्रीचा मेंदू

वय झालें म्हणजे स्मृति मंद व्हावयाचीच, असा समज पूर्वापार चालत आला आहे. या समजास मोठा धक्का बसला तो एका स्त्रीमुळें. १९०१ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं ऑगस्टे डेटर नांवाच्या ५१ वर्षांच्या गृहिणीस मनोरुग्णालयांत दाखल करण्यांत आलें. प्रथम तिला पतीविषयीं संशय येऊं लागला होता; मग विसराळूपणा झपाट्यानें वाढला; घरांतील वस्तू ती लपवून ठेवूं लागली. डॉक्टर अल्झायमर यांनीं तिला नांव लिहावयास सांगितलें, तेव्हां ‘श्रीमती’ एवढेंच लिहून पुढचें ती विसरली.

१९०६ च्या एप्रिलमध्यें ती वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासतां अल्झायमर यांना दोन गोष्टी दिसल्या : पेशींच्या बाहेर सांचलेले सूक्ष्म ठिपके आणि पेशींच्या आंत तंतूंचें गुंतवळ. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं ट्यूबिंगेन येथील वैद्यसभेंत त्यांनीं हें निवेदन केलें. पण श्रोत्यांपैकीं कोणीं एक प्रश्नहि विचारला नाहीं. १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या विकारास अल्झायमर यांचें नांव दिलें.

१९११ सालीं अल्झायमर यांनीं योहान एफ्. या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूंत ठिपके विपुल होते. गुंतवळ मात्र नव्हतें. दोन रोग्यांवरून स्त्रीपुरुषभेदाचा सिद्धांत काढणें अर्थातच गैर. तथापि तो प्रश्न शंभर वर्षांनीं निराळ्या वाटेनें पुढें आला.

ठिपके अमिलॉइड नामक प्रथिनाचे व गुंतवळ टाऊ नामक प्रथिनाचें, हें पुढें कळलें. आणि एकविसाव्या शतकांत जिवंत मनुष्याच्या मेंदूंतहि तीं छायाचित्राद्वारें पाहतां येऊं लागलीं. विकाराच्या आरंभीं अमिलॉइड सारखेंच असतां टाऊचें प्रमाण स्त्रियांत अधिक आढळतें, असें अनेक अभ्यासांत दिसून आलें. नवल हें कीं, त्याच अवस्थेंत स्त्रियांची शब्दस्मृति बहुधा पुरुषांहून सरस असते.

परंतु हें वरदान फसवें आहे. स्मृतीची परीक्षा पुष्कळदां शब्दांची यादी ऐकवून घेतात. स्त्रीपुरुषांस उत्तीर्णतेची मर्यादा एकच ठेवली, तर मेंदूंत विकार शिरलेली स्त्रीहि ती सहज ओलांडते. निदान लांबतें, आणि पुढें घसरण सुरू झाली म्हणजे ती वेगानें होते. दोघांस निराळी मर्यादा लावली असतां कित्येकांचें निदान बदलतें, असेंहि आतां दिसून आलें आहे.

यांतला बोध घरोघरीं उपयोगी पडण्याजोगा आहे. घरची वडीलधारी स्त्री नातलगांचीं नांवें इतरांपेक्षां बिनचूक सांगते, एवढ्यावरून निश्चिंत राहूं नये. तिच्या स्मृतीची तुलना दुसऱ्यांशीं नव्हे, तर तिच्याच पूर्वींच्या स्मृतीशीं करावी. वाण्याची यादी जिला तोंडपाठ असे, ती आज अडखळूं लागली, तर तें तिचें वय म्हणून सोडून न देतां वेळींच वैद्याचा सल्ला घ्यावा.