फाइल प्रणालीतील कर्नल क्रॅशचे निदान

फाइल प्रणालीतील कर्नल क्रॅशचे निदान म्हणजे संगणकाच्या संचालन प्रणालीचा गाभा (कर्नल) फाइलींशी संबंधित काम करीत असताना अचानक बंद पडल्यास, त्यामागचे मूळ कारण शोधण्याची प्रक्रिया होय. कर्नल ज्या ओळीवर कोसळतो ती ओळ आणि दोषाचे उगमस्थान ही पुष्कळदा भिन्न असतात. त्यामुळे उपलब्ध पुराव्यांवरून मागे मागे जात कारणापर्यंत पोहोचणे, हे या निदानाचे मुख्य सूत्र आहे. घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे पुरावा आणि डिस्कवरील माहिती दोन्ही नष्ट होण्याचा धोका असतो.

स्वरूप

फाइलीचे नाव, तिचा आकार आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणत्या भागांत साठवला आहे याचा हिशेब फाइल प्रणाली ठेवते. लिनक्समध्ये एक्स्ट४ आणि एक्सएफएस, तर विंडोजमध्ये एनटीएफएस या फाइल प्रणाली प्रचलित आहेत. एखादा सामान्य प्रोग्रॅम चुकला तर कर्नल तेवढाच प्रोग्रॅम बंद करतो. परंतु चूक कर्नलमध्येच घडली तर तिला आवर घालणारे वरचे कोणी नसते. अशा वेळी युनिक्स परंपरेतील प्रणाली 'पॅनिक' या अवस्थेत जातात, तर विंडोजमध्ये त्रुटीचा पडदा दिसतो, जो अनेक वर्षे निळा असे. लिनक्समध्ये 'ऊप्स' ही त्याहून सौम्य अवस्थाही आहे. तीत दोषास निमित्त ठरलेली प्रक्रिया संपवून कर्नल पुढे चालू राहू शकतो, मात्र त्यानंतर त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

थांबणे हा अनेकदा संरक्षक उपाय असतो. स्मृतीतील हिशेब बिघडलेला असताना काम चालू ठेवले, तर तोच चुकीचा हिशेब डिस्कवर लिहिला जाऊ शकतो. म्हणूनच दोष आढळल्यास पुढे चालू राहावे, डिस्क केवळ वाचनासाठी खुली ठेवावी की पॅनिक करावे, असे तीन पर्याय एक्स्ट४मध्ये व्यवस्थापकाला उपलब्ध असतात.

कारणे

अशा क्रॅशची कारणे साधारणपणे चार गटांत मोडतात :
१. फाइल प्रणालीच्या किंवा कर्नलच्या अन्य भागाच्या आज्ञावलीतील चूक.
२. डिस्कवरील रचनेची हानी. उदाहरणार्थ, लेखन चालू असताना वीजपुरवठा खंडित होणे.
३. सदोष रॅम, डिस्क, केबल किंवा नियंत्रक.
४. बाहेरून जोडलेले ड्रायव्हर, विशेषतः फाइलींच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी सुरक्षा सॉफ्टवेअर.

वीज गेल्यामुळे होणारी हानी टाळण्यासाठी आधुनिक फाइल प्रणाली 'जर्नल' ठेवतात. प्रत्यक्ष बदलापूर्वी त्याची नोंद जर्नलमध्ये होते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर अपुरे व्यवहार त्यावरून पूर्ण केले जातात किंवा सोडून दिले जातात. लिनक्समध्ये ही सोय असलेली एक्स्ट३ प्रणाली २००१ मध्ये मुख्य कर्नलात आली; एक्स्ट४ ही २००८ मध्ये २.६.२८ या आवृत्तीत स्थिर म्हणून दाखल झाली.

पुराव्याचे जतन

क्रॅशच्या क्षणी स्मृतीत असलेल्या माहितीच्या प्रतीस क्रॅश डंप म्हणतात. बिघडलेल्या कर्नलकडूनच ही प्रत लिहून घेणे धोक्याचे असते. त्यामुळे २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ आवृत्तीत के-डंप ही यंत्रणा समाविष्ट झाली. तीत स्मृतीचा एक भाग आधीपासून राखून ठेवलेला असतो. क्रॅश होताच त्या भागातून दुसरा, निरोगी कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची स्मृती जतन करतो. संशय फाइल प्रणालीवरच असेल तर ही प्रत त्याच डिस्कवर न ठेवता वेगळ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवरून अन्य संगणकावर पाठवणे श्रेयस्कर ठरते.

निदानाचे टप्पे

प्रथम क्रॅशचा संदेश वाचला जातो. त्यात दोषाचा प्रकार, त्या वेळी चालू असलेली प्रक्रिया, स्मृतीतील पत्ता आणि कोणत्या क्रियेने कोणत्या क्रियेला पाचारण केले याची साखळी असते. बाहेरचे ड्रायव्हर जोडलेले असल्यास लिनक्स तशी खूण संदेशातच करतो. पत्ता शून्याच्या अगदी जवळ असेल, तर रिकाम्या निर्देशकाचा वापर झाल्याचा संशय येतो. तपासणीची सोय चालू असताना पत्त्यात '६बी' ही खूण पुनःपुन्हा दिसली, तर आधीच मोकळी केलेली स्मृती वापरली गेल्याचे सूचित होते.

त्यानंतर 'क्रॅश' किंवा विंडोजमधील 'विनडीबीजी' यांसारख्या साधनांनी डंपची पाहणी केली जाते. त्यासाठी क्रॅश झालेल्या कर्नलच्याच नेमक्या आवृत्तीची डीबग माहिती लागते. साखळीत फाइल प्रणालीचे नाव दिसले म्हणजे दोष तिचाच, असे मात्र ठरत नाही. अन्य ड्रायव्हरने बिघडवलेली स्मृती सर्वप्रथम फाइल प्रणालीच्या हाती लागलेली असू शकते. म्हणून रॅमची चाचणी, डिस्कच्या स्वयंतपासणीच्या नोंदी आणि क्रॅशच्या आधीचे त्रुटिसंदेश हेही पाहिले जातात. प्रत्येक वेळी साखळी वेगळी दिसत असल्यास हार्डवेअरचा संशय बळावतो. एकच साखळी वारंवार येत असल्यास आज्ञावलीचा.

दोष हुकमी पुन्हा घडवता आला तर द्विभाजनाची पद्धत वापरता येते. चांगली आणि बिघडलेली अशा दोन आवृत्त्यांमधील बदल निम्मे-निम्मे करीत तपासल्यास १००० बदलांतून दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो.

२०२४ मधील उदाहरण

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक अद्ययावत फाइल पाठवली. तिच्यामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थांबले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. मुंबई व दिल्ली विमानतळांवर अकासा एअरच्या काही ऑनलाइन सेवा बंद पडल्या व प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार भारतातील १० बँका व बिगरबँक वित्तीय संस्थांना किरकोळ अडथळा आला.

क्रॅश झालेला ड्रायव्हर विंडोजमध्ये फाइल प्रणालीचा 'फिल्टर' म्हणून नोंदलेला होता. म्हणजे फाइली निर्माण होण्याची किंवा बदलण्याची सूचना त्याला मिळत असे. रिकाम्या निर्देशकामुळे हे घडले, असा तर्क आरंभी अनेकांनी मांडला. मायक्रोसॉफ्टने क्रॅश डंप तपासले असता, निर्देशक रिकामा आहे का याची खात्री ड्रायव्हर आधीच करीत असल्याचे आणि वाचनाचा पत्ताच अवैध असल्याचे दिसून आले. पुढे कंपनीच्या अहवालातून मूळ कारण स्पष्ट झाले : नियमांत २१ घटक अपेक्षित होते, प्रत्यक्षात २० च पुरवले जात होते आणि एकविसावा वाचताना ड्रायव्हर यादीच्या सीमेबाहेर गेला.

काही संगणकांवर संबंधित फाइलीत केवळ शून्ये आढळली होती. ती क्रॅशचे कारण नव्हती, तर फाइलीचे लेखन पुरे होण्याआधीच संगणक कोसळल्याचा परिणाम होती. परिणामालाच कारण समजण्याची चूक या क्षेत्रात किती सहज होते, हे त्यावरून दिसते. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तरी बंद पडलेल्यांपैकी असंख्य संगणक सुरक्षित पद्धतीने सुरू करून ती एकेका संगणकावरून हाताने काढावी लागली.

दुरुस्ती आणि माहितीची सुरक्षितता

डिस्कच्या रचनेला हानी पोहोचल्याचा संशय असल्यास दुरुस्तीपूर्वी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घेणे हा मूलभूत नियम आहे. 'एफएससीके' हे साधन विसंगती दूर करते, हरवलेला मजकूर परत आणण्याची हमी देत नाही. विसंगत नोंदी ते काढूनही टाकू शकते. त्यामुळे आधी काहीही न बदलता केवळ तपासणी करण्याचा पर्याय वापरला जातो. एक्सएफएसमध्ये जर्नल बळजबरीने पुसण्याचा पर्याय शेवटचा मानला जातो, कारण त्यामुळे अपुरे राहिलेले व्यवहार कायमचे गमावले जातात. जर्नल हे हिशेबाची सुसंगती राखते, ते बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. म्हणून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली आणि अधूनमधून पडताळून पाहिलेली प्रत हाच माहितीच्या रक्षणाचा खात्रीचा मार्ग होय.