बायबलची शिकवण व श्रद्धाजीवन (मुंबई उपनगरे)
अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात बायबल शतकानुशतके वाचण्यापेक्षा ऐकले गेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कनांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर मठ व चर्च उभारले, पण मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) लॅटिनमध्ये असे. बायबलमधील कथा मराठी ओव्यांत आणण्याचे मोठे काम गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) केले. उपनगरी गावठाणांत श्रद्धेचे केंद्र मात्र रस्त्याकडेचा क्रूस राहिला. १८९६च्या प्लेगनंतर असे अनेक क्रूस उभे राहिले. मे महिन्यात क्रुसाला हार घालून, मेणबत्त्या लावून शेजारीपाजारी लितानी (सामूहिक प्रार्थना) म्हणतात आणि उकडलेले चणे वाटतात.

ही केवळ रूढी आहे, तिचा बायबलशी संबंध काय, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णपणे टिकत नाही. संकटात एकत्र येणे आणि अन्न वाटून खाणे हे शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेचेच आचरण आहे. मात्र बायबलमधील वचनाचा अभ्यास नसेल, तर आचरणामागचे कारण विस्मरणात जाते. आक्षेपातील एवढा भाग खरा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये सर्व श्रद्धावंतांना बायबलवाचनाचा आग्रह केला आणि मिस्सा लोकभाषांत आली. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी ख्रिस्तचरित्र भारतीय संगीत-नृत्यातून मांडले. प्रॉटेस्टंट परंपरेत घरोघरी वाचन आधीच रुजले होते. त्याच परंपरेत पंडिता रमाबाईंनी भाषांतरित केलेले मराठी बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.